वाहतें पाणी आणि दगडाचा पृष्ठभाग

नदी खडक झिजविते, हें आपण भूगोलांत शिकतों. परंतु पाणी नुसतें वाहूं लागल्यानें दगडाच्या पृष्ठभागाचें रसायनहि पालटतें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

गारगोटीसारखा पदार्थ पाण्यांत बुडाला म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर विद्युद्भार येतो, आणि लगतचे पाण्याचे रेणू त्या भाराप्रमाणें, कवाइतींतील मुलांसारखे, एका दिशेस तोंड करून उभे राहतात. जर्मनींतील माइन्झ येथील माक्स प्लांक संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅल्शियम फ्लुओराइड व सिलिका यांवरून बारीक मार्गानें पाणी सोडलें, आणि लेसर किरणांनीं रेणूंची ही मांडणी पाहिली. पाणी वाहूं लागतांच पृष्ठभागावरील भार बदलला. तें थांबल्यावर तो पूर्ववत् झाला! एवढाच फेर स्थिर पाण्यांत घडवावयाचा, तर त्याची आम्लता शंभर पटींपर्यंत बदलावी लागते. हा शोध २०१४ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्याचें कारण ते असें देतात: दगडांतून सुटलेले भारयुक्त कण स्थिर पाण्यांत जवळच सांचतात व पुढील कणांस अटकाव करितात. प्रवाह त्यांस दूर नेतो. मग समतोल ढळून नवे कण सुटतात.

तेव्हां पेल्यांतील निश्चल पाण्यावरून नदीच्या तळाचें रसायन ठरविणें धोक्याचें आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, पदार्थ सृष्टींत ज्या स्थितींत आढळतो, त्याच स्थितींत त्याची परीक्षा घ्यावी.