बोटांनी ऐकणारे डॉक्टर

घरातला गव्हाने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा घ्या. झाकण न उघडता त्याच्या अंगावर वरून खाली टिचक्या मारत या. प्रथम आवाज घुमेल; एका ठिकाणी तो एकाएकी बद्द होईल. गव्हाची पातळी तेथेच आहे. झाकण काढून खात्री करा.

असे का होते? टिचकीने पत्रा थरथरतो. आत हवा असेल तर ही थरथर थोडा वेळ टिकते. आत धान्य किंवा पाणी असेल तर ते पत्र्याला आतून अडवते व कंपने लगेच विरतात.

छातीचेही असेच आहे. फुप्फुसात हवा असते, म्हणून निरोगी छाती पोकळ वाजते. क्षयासारख्या रोगात फुप्फुसाभोवती पाणी साचले की तेवढ्या भागात आवाज बद्द येतो. ही पद्धत व्हिएन्नाचे डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ साली प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खानावळ चालवीत. फार थोड्यांनी तिची दखल घेतली. १८०८ साली कोर्विझार यांनी त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा ती सर्वत्र पसरली.

पण ही विद्या पुस्तक वाचून येत नाही. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झाल्यावर मेडिसिन विषयात एम.डी. करणारे डॉक्टर तीन वर्षे रुग्णालयात 'निवासी डॉक्टर' म्हणून काम करतात. अमेरिकेत बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर यांनी या शिक्षणाला आकार दिला. शिकणारे डॉक्टर रुग्णालयातच राहत, म्हणून ते निवासी!

निवासी डॉक्टर रुग्णाच्या पाठीवर डाव्या हाताचे मधले बोट टेकवतो आणि उजव्या मधल्या बोटाने त्यावर ठोकतो. पाणी कोठवर आहे ते तो सांगतो. मग ज्येष्ठ डॉक्टर स्वतः ठोकून पाहतात. शेवटी क्ष-किरण चित्राशी मेळ घालतात. प्रयोगशाळेत आपण तराजू प्रमाण वजनांशी ताडून पाहतो ना? येथे ताडून पाहायची असतात ती डॉक्टरची बोटे आणि कान.

आता सोनोग्राफी असताना हे कशाला, असे तुम्ही विचाराल. थोडे पाणी बोटांना कळत नाही, हे खरे. सुई घालून पाणी काढायचे, तर जागाही सोनोग्राफीनेच निश्चित करणे सुरक्षित. पण कोणत्या रुग्णाची तपासणी तातडीने करायची, ही पहिली शंका डॉक्टरलाच यावी लागते. ती आली नाही, तर यंत्र शेजारच्या खोलीत असूनही रुग्ण तसाच घरी जाईल.

आता स्वतःच्या छातीच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखालून खाली ठोकत या. बरगड्यांच्या खालच्या भागात आवाज बद्द होईल. घाबरू नका, ते तुमचे यकृत आहे!