रिकाम्या पुंगळीची आंघोळ

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एकोणिसाव्या शतकात एक कोडं पडलं होतं. उन्हाळ्यात ठणठणीत असलेली पितळी काडतुसं पावसाळा सरेपर्यंत आपोआप तडकत. ती कुणी झाडलेली नसत, आपटलेलीही नसत. पेटीत पडल्या पडल्या पुंगळीच्या (काडतुसाच्या बाहेरच्या पितळी नळीच्या) मानेला, म्हणजे जिथे ती गोळीला घट्ट आवळून धरते तिथे, भेगा पडत. इंग्रजांनी या दुखण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव देऊन टाकलं. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी कारण शोधून काढलं. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की दारूगोळा घोड्यांच्या पागेत हलवला जाई. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेतून पितळेपर्यंत पोचे. पुंगळी थंड अवस्थेत ओढून लांबवतात तेव्हा धातूत ताण शिल्लक राहतो. ताण, ओल आणि अमोनिया एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सांध्यातून फाटतं.

उपाय दोन निघाले. एक, अमोनियाला लांब ठेवायचं. दुसरा, घडाई झाल्यावर पुंगळी बेताने तापवून तिच्यातला ताण उतरवायचा. लष्करी काडतुसांच्या मानेवर आजही निळसर-तपकिरी झाक दिसते, ती त्या तापवण्याची खूण असते. नवशिके तिला मळ समजून घासत बसतात.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे, झाडलेली पुंगळी धुऊन पुन्हा वापरणाऱ्यांच्या जगात प्रत्येक साबणाची आणि पॉलिशची परीक्षा शेवटी याच कसोटीवर होते: ते पितळेला आतून काय करतं? हे जग मुख्यतः अमेरिकेतलं. आपल्याकडे १८६९ पासून खडकीला आणि १९६४ पासून वरणगावला दारूगोळ्याचे कारखाने आहेत. पण शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा असल्याने घरी काडतुसं भरण्याचा छंद इथे रुजलाच नाही. अमेरिकेत मात्र नेमबाज आणि शिकारी गॅरेजमध्ये बसून काडतुसं पुन्हा भरतात. त्यामागचा हिशेब साधा आहे. दारू जळून जाते, गोळी निघून जाते, पण काडतुसातला सर्वांत महाग भाग, म्हणजे पितळी पुंगळी, हातात राहते.

हे पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त यांचं असतं. बार उडताच पुंगळी फुगून बंदुकीच्या खोबणीला चिकटते, मागे येणारा वायू अडवते आणि दाब उतरताच आक्रसून मोकळी होते. म्हणूनच ती अनेकदा वापरता येते. पण प्रत्येक वेळी तिला आतून काजळी धरते, बुडाशी दारू पेटवणाऱ्या प्रायमरची राख साचते आणि जमिनीवर पडली की वाळू चिकटते. यातली खरी शत्रू वाळू. फुगलेली पुंगळी मूळ मापावर आणण्यासाठी पोलादी डायमधून (साच्यातून) दाबून काढतात. वाळूचा एक कण डायमध्ये रुतला, तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर ओरखडा उमटतो. चकाकीचा नेमबाजीशी संबंध नाही. काळपट पण स्वच्छ पुंगळीतून सुटलेली गोळी तितकीच नेमकी जाते. तरी माणसाला पितळ सोन्यासारखं लखलखताना पाहायचं असतं, आणि या छंदातला निम्मा वेळ तिथेच जातो.

सर्वांत जुने उपाय स्वयंपाकघरातले. व्हिनेगर, लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने घासणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये. आम्ल पितळेवरचा काळा ऑक्साइड विरघळवतं आणि खालचा धातू उघडा पाडतं, एवढंच दोन्हीकडे घडतं. फरक असा की पूजेचा तांब्या जरा जास्त घासला गेला तर बिघडत नाही, पण पुंगळीला हजारो वातावरणांचा दाब सोसायचा असतो. ती आम्लात विसरून राहिली तर पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं, मागे तांबं उरतं आणि पितळ गुलाबी दिसू लागतं. असा रंग दिसला की जाणकार हात आखडता घेतात. म्हणून हल्ली व्हिनेगरपेक्षा मोजून घालता येणारं सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूफूल, जास्त पसंत पडतं. तेही थोडंच, काही मिनिटांपुरतं, आणि नंतर भरपूर पाण्याने खळबळून.

कोरड्या पद्धतीत थरथरणाऱ्या बादलीसारखं यंत्र असतं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भरडा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भुगा भरायचा, वर पुंगळ्या टाकायच्या आणि दोन-चार तास घरघरू द्यायचं. अक्रोड खरबरीत, मळ काढतो. मका मऊ, चकाकी आणतो. दुकानात हा भरडा ‘काडतुसांसाठी’ म्हणून महाग मिळतो. मग कुणीतरी शोधून काढलं की पाळीव सरड्यांच्या पिंजऱ्यात अंथरण्यासाठी विकतात तो अक्रोडाचा भरडाही हेच काम करतो. त्यात झाकणभर मोटारीचं पॉलिश आणि धूळ धरायला कपडे वाळवायच्या यंत्रातल्या वापरलेल्या कापडाचे तुकडे टाकले की काम भागतं. तांदूळ वापरणारेही आहेत. दाणे नेमके बुडाच्या छिद्रात अडकतात आणि एकेक टोकरून काढावे लागतात. यंत्रच नसेल तर उशीच्या अभ्र्यात पुंगळ्या आणि साबणाचं पाणी घालून दोघांनी दोन टोकं धरून झुलवायचं. हजारोंच्या संख्येत पुंगळ्या असतील तर सिमेंट कालवायचा मिक्सरही कामाला लागतो.

ओल्या पद्धतीने मात्र गेल्या काही वर्षांत बाजी मारली. मूळ यंत्र दगड गुळगुळीत करणाऱ्या छांदिष्टांचं, आडवं फिरणारं रबरी पिंप. त्यात पाणी, साबण, लिंबूफूल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना. साधारण १ मिलिमीटर जाड आणि ६ मिलिमीटर लांब अशी ही पिन पुंगळीच्या पोटात, कोपऱ्यात, प्रायमरच्या खळगीतही शिरते. बाहेर आलेली पुंगळी आतूनही नव्यासारखी असते. खोड एकच: बुडाचं छिद्र सुमारे २ मिलिमीटरचं, त्यामुळे दोन पिना शेजारी शेजारी शिरल्या की पाचरीसारख्या घट्ट बसतात. प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून पाहणं आलं. फार वेळ फिरवलं तर पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाच्या कडा ठोकल्यासारख्या जाडावतात.

अल्ट्रासॉनिक यंत्रात द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि मळ सुटतो. पुंगळ्या कमी असतील तर ते बरं. चकाकी मात्र बेताचीच.

आता पॉलिशचा प्रश्न. ब्रासोसारख्या जुन्या, नावाजलेल्या पितळी पॉलिशांमध्ये अमोनिया असतो. दाराच्या मुठीला, गणवेशाच्या बटणांना त्याने काही होत नाही, कारण त्यांना बार सोसायचा नसतो. पुंगळीवर तोच अमोनिया चालतो का, यावर छांदिष्टांत वाद आहे. थोडासा लावला तर उडून जातो, असं काहीजण म्हणतात. मला तो वाद फोल वाटतो. अमोनिया नसलेली पॉलिशं सहज मिळत असताना हा धोका पत्करायचा कशासाठी? मोटारीच्या पॉलिशचा डबा घ्यायचा असला तरी लेबल आधी वाचावं.

धुतल्यावर पुंगळी पूर्ण सुकवावी लागते, कारण आत राहिलेला थेंब नवी दारू निकामी करतो. उन्हात पसरलेली चांगली. घाईत ओव्हन वापरणाऱ्यांनी आच पाणी उकळण्याच्या अंशाखालीच ठेवावी. सुमारे २५० अंश सेल्सिअसपासून पितळ मऊ पडू लागतं. मान मऊ असली तर हरकत नाही, ती मुद्दाम तशी ठेवतात. पण बूड मऊ झालं तर पुढच्या बाराला ते फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. अशी पुंगळी बाहेरून ओळखू येत नाही.

आणि ओव्हन स्वयंपाकाचा नसावा. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, ते जळून त्याची राख पुंगळीत राहते. कोरड्या यंत्राचं झाकण उघडताना उडणारी करडी धूळ आणि ओल्या पिंपातून निघणारं काळं पाणी, दोन्हींत शिसं असतं. म्हणून जाणते लोक पुंगळ्या भरड्यातून चाळून काढण्याचं काम घराबाहेर करतात, हातमोजे घालतात, आणि काडतुसांसाठी एकदा वापरलेली रोळी किंवा पातेलं पुन्हा ओट्यावर येऊ देत नाहीत.