बोटांच्या वाटा (९) : पायऱ्यांमधला ऱ

या आठवड्यात पडद्यावर दोन खिडक्या शेजारी-शेजारी कशा लावायच्या ते सांगणार होतो. ते आता पुढच्या खेपेला. डोंबिवलीहून एका वाचक बाईंचा प्रश्न आलाय आणि तो माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

बाई सोसायटीच्या चिटणीस आहेत. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत जायचं त्यांना जमलं. मग ‘जिन्याच्या पायऱ्यांवर चपला व कुंड्या ठेवू नयेत’ अशी नोटीस टाइप करायला बसल्या आणि ‘पायऱ्या’पाशी अडल्या. दर वेळी य च्या डोक्यावर रफार! शेवटी ‘पायऱ्या’ गाळून त्यांनी नुसतं ‘जिन्यात’ लिहिलं.

कीबोर्डपायी आपला शब्द बदलावा लागणं मला सहन होत नाही. आणि उपाय तर एका शिफ्टचा आहे. विंडोजच्या मराठी कीबोर्डवर जे दाबलं की र येतो, शिफ्ट धरून जे दाबलं की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्याचा पाय मोडायला डी आणि पुढे य साठी तिरपी रेघ, म्हणजे प्रश्नचिन्हाचं बटण, शिफ्टशिवाय. अख्खा ‘पायऱ्या’ असा : एच, ई, तिरपी रेघ, शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई. टिंब आपोआप जातं आणि य ला हवा तो र चिकटतो. सूर्य, कार्य, आचार्य यांना साधा जे. दुसऱ्या, बऱ्याच, वाऱ्यावर, तऱ्हा यांना शिफ्ट-जे. नोटिशीत ‘दुसऱ्या मजल्यावरील’ तर हमखास येतं, त्यामुळे एवढं एक बोटांत बसवाच.

या कीबोर्डचं नाव इन्स्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो आखला, १९९१मध्ये भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. विंडोज २००० पासून तो विंडोजमध्ये आहे. एक्सपीच्या काळात मात्र तो चालू करायचा तर सेटिंगमध्ये खूण करून बहुधा विंडोजची सीडी घालावी लागे. घरात ती सीडी सापडेपर्यंत लिहायचा उत्साह ओसरायचा. आता भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की काम झालं.

मला त्याची मांडणी फार आवडते. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. के वर क, शिफ्ट धरला की ख. एल वर त, शिफ्टने थ. ओ वर द, शिफ्टने ध. डावीकडे एफ ने पहिली वेलांटी, शिफ्ट-एफ ने अख्खी इ. तुमच्या शेजारी गुजराती कुटुंब असेल, ठाण्यात-कल्याणात असतंच, तर त्यांनाही सांगा : गुजराती इन्स्क्रिप्टमध्येही क के वरच आहे. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ण, ळ, ष साठी दर वेळी स्पेलिंगचा अंदाज बांधत बसावं लागतं. इथे ण म्हणजे शिफ्ट-सी, ळ म्हणजे शिफ्ट-एन. संपलं.

टाइपरायटरवर तीस-चाळीसच्या परीक्षा दिलेल्यांना सुरुवातीला एक गोष्ट खटकते. तिथे पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून. इथे उच्चाराच्या क्रमाने : आधी अक्षर, मग वेलांटी. ‘कि’ म्हणजे के, मग एफ. जुनी सवय मोडायला थोडे दिवस जातात.

खोडण्याची गंमत तर मराठीत लिहिणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. ‘पायऱ्या’च्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबा. फक्त काना जातो. पुन्हा दाबा, य जातो. बॅकस्पेस टाइप केलेला एकेक तुकडा उलटा उचलतो. डिलीट मात्र कर्सरच्या पुढचं सबंध जोडाक्षर काना-मात्रेसकट एका फटक्यात घेऊन जातं. वेलांटी चुकली तर बॅकस्पेस, अक्षरच नको असेल तर कर्सर त्याच्या आधी नेऊन डिलीट. पूर्ण शब्द फसला तर कंट्रोल धरून बॅकस्पेस. मागच्या भागातला, केलेलं मागे घेणारा कंट्रोल-झेड मराठी चालू असतानाही तसाच चालतो, त्यासाठी इंग्रजीत परत जायची गरज नाही.

कुठलं अक्षर कुठे आहे हे पाठ होईपर्यंत कीबोर्डवर स्टिकर चिकटवू नका, मान खाली घालायची सवय लागते. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि मराठी चालू असेल तर त्यावर मराठी अक्षरं दिसतात. शिफ्ट धरलात की तीच अक्षरं बदलतात, ऱ सुद्धा तिथेच सापडेल. तीच तीन बटणं पुन्हा दाबली की तो जातो.

क्ष, ज्ञ, त्र, श्र ही चौकडी आकड्यांच्या ओळीत शिफ्टखाली बसली आहे. पाचावर ज्ञ, सहावर त्र, सातावर क्ष, आठावर श्र. चिटणीस बाईंनी पुढच्या नोटिशीत ‘अध्यक्ष’ लिहिताना सात वापरून पाहावा आणि कसं जमलं ते मला कळवावं.