उद्धरणांची संख्या आणि हळद

संशोधकाचा ‘एच-निर्देशांक’ ३० आहे, याचा अर्थ त्याच्या ३० निबंधांना प्रत्येकी किमान ३० उद्धरणे मिळाली आहेत. ही गणना जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचविली. उद्धरण समर्थनार्थ की खंडनार्थ, हा भेद तीत नाही. साताऱ्या-सांगलीच्या वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी कर्क्युमिनच्या गोळ्यांची माहितीपत्रके वाचताना हे ध्यानी घ्यावे. कर्क्युमिनविषयी विपुल उद्धृत झालेले संशोधक भरत अग्रवाल यांचे ७ निबंध एकाच नियतकालिकाने २०१६ मध्ये मागे घेतले. असे निबंध पुढेही उद्धृत होत राहतात, ही खरी अडचण. उलट, १९९७ मध्ये अमेरिकेतील हळदीचे पेटंट रद्द झाले, तेव्हा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा निबंध पुराव्यात होता. तेथे छापील मजकूर व वर्षच कामी आले.