खरखर रेडिओची की घराची? सेट उघडण्याआधी हे तपासा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'आधी निदान, मग बिल' हा मुद्दा घेतला. आज त्यावर माझ्याच दुकानातली एक चूक सांगतो.

हॅम रेडिओचा नाद असलेले एक काका माझ्याकडे तीनदा रिसीव्हर घेऊन आले. तक्रार एकच. मीडियम वेव्ह आणि १६० मीटर बँडवर संध्याकाळ झाली की नुसती घरघर. मी दोनदा कपॅसिटर बदलले, पैसे घेतले. दुपारी दुकानात सेट मस्त चालायचा, घरी परत तेच! तिसऱ्यांदा मी त्यांच्या घरी गेलो. दोष हॉलमधल्या स्वस्त एलईडी बल्बचा होता. आणि तो बल्ब मीच विकला होता.

असं का होतं?

एलईडी बल्ब, चार्जर, टीव्ही यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. समजा ते ५० किलोहर्ट्झवर चालतंय, तर त्याचा गोंगाट १००, १५०, २०० असा पटीपटीने वर मेगाहर्ट्झपर्यंत जातो. स्वस्त मालात फिल्टरचे पार्ट वाचवलेले असतात. मग गोंगाट वायरिंगमध्ये शिरतो आणि घरभरची वायर अँटेनाचं काम करते.

शोधायचं कसं?

१. रेडिओ सेलवर लावा, स्टेशन नसलेल्या जागी ट्यून करा.
२. इन्व्हर्टर बंद करा. मग एकेक एमसीबी पाडा. आवाज थांबला की लाइन सापडली.
३. त्या लाइनवरची उपकरणं एकेक करून बंद करा.
४. मेन पाडूनही खरखर राहिली, तर ती बाहेरून येतेय.

उपाय काय?

सगळ्यात सोपा म्हणजे ते उपकरण बदलणं. ते जमत नसेल तर त्याची वायर फेराइट रिंगमधून गुंडाळा. फेज आणि न्यूट्रल एकत्रच घ्या. खालच्या फ्रिक्वेन्सीला एका वेढ्याने फारसं काही होत नाही. वेढ्यांच्या वर्गाने परिणाम वाढतो, म्हणजे ५ वेढे घेतले तर साधारण २५ पट. अँटेना घरापासून लांब न्या. लूप अँटेना असेल तर ती फिरवून गोंगाट कमीत कमी होईल अशी दिशा धरा. आणि हो, उपकरणाची अर्थिंग कधीही तोडू नका!

धंद्याचा धडा

मी काकांचे दोन्ही बिलांचे पैसे परत केले, बल्बही बदलून दिला. खिशाला लागलं, पण गिऱ्हाईक टिकलं. आता माझ्या काउंटरवर पाटी आहे: 'घरी येऊन तपासणी, वेगळा चार्ज.' लोक आनंदाने देतात, कारण उगाच पार्ट बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तुम्ही रिपेअरिंगचं दुकान टाकणार असाल तर हे लक्षात ठेवा. गिऱ्हाईक वस्तू घेऊन येतं, पण दोष कधीकधी घरीच राहिलेला असतो.