लांब मुदतीची ठेव

साताऱ्याहून सांगलीला माझी बदली झाली, तेव्हा आमच्या टीव्हीवर चित्र उमटायला वेळ लागे. नळीतला भाग तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडत नसत. केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या टोकाला मात्र निर्वातात विद्युतदाब दिला, की ते न तापताच, भिंतीतून आरपार गेल्यासारखे निसटतात. याचे गणित फाउलर व नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडले. पुण्याच्या विद्यापीठात दिलीप जोग, महेंद्र मोरे यांनी नॅनोपदार्थांवर हेच अभ्यासले. यावरचे टीव्ही घरोघरी आले नाहीत. पण अशाच टोकांमुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची नजर तीक्ष्ण झाली. ‘भौतिकशास्त्र शिकून मुलाला काय मिळणार?’ आमच्याकडचे पालक विचारतात. बँकेत आयुष्य काढलेला मी सांगतो, ही ठेव लांब मुदतीची असते. मध्येच मोडू नका.