सोळा नंबरची हाक

जानेवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू मॅकॉली टास्मानियाहून एकटाच कयाक घेऊन निघाला. मधे सुमारे १,६०० किलोमीटरचा टास्मान समुद्र, पलीकडे न्यूझीलंड. ९ फेब्रुवारीला तिथल्या किनाऱ्यावर रेडिओवर तुटक, खरखरीत हाक आली: कयाक बुडते आहे, मदत हवी. दुसऱ्या दिवशी कयाक सापडली. मॅकॉली सापडला नाही.

कयाक चालवणाऱ्याच्या हाती अशा वेळी उरतो तो मुठीत मावणारा व्हीएचएफ रेडिओ. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची, हे सगळ्यांना पाठ असते. बॅटरीचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही.

खोक्यावर छापलेले ‘१५ तास’ खोटे नसतात, पण ते बहुतेक वाट पाहण्याचे तास असतात. शंभर मिनिटांतली पाच बोलण्यात, पाच ऐकण्यात आणि नव्वद नुसती वाट पाहण्यात जातील, असे धरून तो आकडा काढतात. गप्प असलेला सेट जेमतेम ५० मिलिअँपिअर वीज घेतो. पाच वॉटवर बोलताना तोच दीड अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे तीसपट! दोन हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी अखंड बोलल्यास सुमारे ऐंशी मिनिटांत आटोपते. सोबत्याशी गप्पा मारायला एक वॉट भरपूर होतो. पाच वॉट संकटासाठी राखावेत.

शक्ती वाढवली की आवाज लांब जाईल, हाही एक गैरसमज. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि कयाकमध्ये बसलेल्याचा अँटेना पाण्यापासून मीटरभरच उंच असतो. त्यामुळे दोन कयाकमध्ये आठेक किलोमीटरपलीकडे बोलणे कठीण. तटरक्षक दलाचा अँटेना शंभर मीटर उंच डोंगरावर असेल, तर मात्र चाळीस किलोमीटरवरूनही हाक पोहोचू शकते.

थंडी हा बॅटरीचा जुना वैरी. गारठलेली लिथियम-आयन बॅटरी भरलेली असूनही लवकर मान टाकते, म्हणून थंड पाण्यात सेट अंगाच्या उबेजवळ हवा. त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त महत्त्वाचे: कयाक उलटली की रिकामी, हलकी होडी वारा बघता बघता दूर नेतो. मागच्या कप्प्यात नीट गुंडाळून ठेवलेला रेडिओ तिच्याबरोबरच जातो. लाइफ जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधलेला सेट तेवढा माणसापाशी राहतो.